न भरलेली परिषद

अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती कशी करायची, हे तिच्या पाचव्या कलमात एकाच लांबलचक वाक्यात सांगितले आहे. सूचना मांडण्याचे दोन मार्ग त्यात आहेत. पहिल्या मार्गाने काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी दुरुस्ती सुचवते. दुसऱ्या मार्गात पुढाकार राज्यांचा असतो. दोन तृतीयांश राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केले की काँग्रेसने दुरुस्त्या सुचवण्यासाठी एक परिषद बोलवायची. सूचना कोणत्याही मार्गाने आलेली असो, ती घटनेत जायची तर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. ही मान्यता विधिमंडळांनी द्यायची, की राज्याराज्यांत खास निवडलेल्या परिषदांनी, हे काँग्रेस ठरवते. आजच्या पन्नास राज्यांच्या हिशेबात परिषद बोलवायला ३४ राज्ये लागतात आणि मान्यतेला ३८. घटना लागू झाल्यापासून तिच्यात २७ दुरुस्त्या झाल्या. त्या सगळ्या काँग्रेसने सुचवलेल्या होत्या. राज्यांच्या अर्जांवरून परिषद एकदाही भरलेली नाही.

तरी तिची मागणी कधी थांबलेली नाही. राज्यांनी आजवर शेकडो अर्ज वॉशिंग्टनला पाठवले. कधी कराबद्दल, कधी मतदारसंघांबद्दल, कधी राष्ट्रीय कर्जाबद्दल. विषय बदलत गेले, पण पुष्कळ अर्जांमागची तक्रार एकच होती. केंद्र सरकार घटनेने आखून दिलेल्या कुंपणाबाहेर आले आहे आणि ते आपण होऊन आत जाणार नाही, असे राज्यांचे म्हणणे होते. या अर्जांनी परिषद भरवली नाही, पण काँग्रेसला जागेवरून हलवण्याचे काम मात्र केले. त्यांचा जो काही उपयोग झाला, तो असा आडून झाला.

फिलाडेल्फियाचा वारसा

आजच्या घटनेआधी तेरा राज्ये 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या कराराने जोडलेली होती. त्या करारात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागे. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी मध्यवर्ती काँग्रेसला आयात मालावर पाच टक्के जकात बसवू द्यावी, अशी सूचना १७८१ साली निघाली. पुढच्याच वर्षी एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि ती बारगळली. सरकारला स्वतःचा कर नव्हता. राज्यांकडे वर्गणी मागायची आणि ती येईल तेवढ्यावर भागवायचे, असा कारभार होता. सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला पाच राज्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी मोठी परिषद भरवण्याची शिफारस केली. फेब्रुवारी १७८७ मध्ये काँग्रेसने तशी परिषद बोलावली, पण जुन्या करारात सुधारणा सुचवण्यापुरतीच.

फिलाडेल्फियात मे ते सप्टेंबर बंद दारांआड काम चालले. ५५ प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी हजर राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. या मंडळींनी जुना करार बाजूला ठेवला, संपूर्ण नवी घटना लिहिली आणि नऊ राज्यांनी मान्य केली की ती लागू होईल, असे त्या घटनेतच लिहून टाकले. तेराच्या एकमताची अट अशी निकालात निघाली. राज्यांनी आपल्या प्रतिनिधींना दिलेली अधिकारपत्रे काँग्रेसच्या ठरावापेक्षा मोकळी होती, असा युक्तिवाद काही अभ्यासक करतात आणि त्यात तथ्य आहे. पण दुरुस्ती करायला बोलावलेली परिषद नवी घटना घेऊन बाहेर आली, ही गोष्ट पुढच्या दोन शतकांत कोणी विसरले नाही.

दुरुस्तीचा मार्ग या परिषदेने सर्वांत शेवटी आणि घाईत ठरवला. १५ सप्टेंबर १७८७ रोजी, सह्या होण्याच्या दोनच दिवस आधी, व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली. दुरुस्ती सुचवण्याच्या सगळ्या किल्ल्या काँग्रेसच्या हाती राहिल्या, तर सरकार जुलमी झाल्यावर लोकांना हवी ती दुरुस्ती कधीच मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर गव्हर्नूर मॉरिस आणि एल्ब्रिज गेरी यांनी राज्यांच्या अर्जावरून परिषद बोलवण्याची तरतूद सुचवली आणि ती विरोधाशिवाय मंजूर झाली. जेम्स मॅडिसन यांचा तिला विरोध नव्हता, पण त्यांनी एक शंका नोंदवली. परिषदेचे स्वरूप काय, गणसंख्या किती, कामकाज कसे, याची अडचण पुढे येईल, असे ते म्हणाले. ही शंका तशीच राहू देऊन सभा पुढच्या विषयाकडे वळली. मॅडिसन यांच्या प्रश्नांना आजही अधिकृत उत्तर नाही.

घटनेच्या प्रचारासाठी लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी पंचाऐंशीव्या आणि शेवटच्या निबंधात अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी या तरतुदीचा आधार घेतला. पुरेशा राज्यांनी अर्ज केल्यावर काँग्रेसला परिषद बोलवावीच लागेल, तिच्या मर्जीवर काही राहणार नाही आणि केंद्राच्या अतिक्रमणाला बांध घालण्याचे काम राज्यांची विधिमंडळे करतील, असा भरवसा त्यांनी दिला. हॅमिल्टन हे स्वतः बलवान केंद्राचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते. त्यांचा हा निबंध आज केंद्राच्या विरोधकांना तोंडपाठ असतो.

पहिले दोन अर्ज नव्या सरकारच्या पहिल्या काही आठवड्यांतच आले. मे १७८९ मध्ये व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या दोन बड्या राज्यांची नव्या परिषदेची मागणी काँग्रेसपुढे आली. प्रतिनिधिगृहाने ते अर्ज पुरेशी राज्ये जमेपर्यंत दप्तरात ठेवायचे ठरवले. जूनमध्ये मॅडिसन यांनी स्वतःच दुरुस्त्या मांडल्या. पहिल्या परिषदेतल्या अडचणी डोळ्यांनी पाहिल्यामुळे दुसरीची त्यांना धास्ती होती आणि तिची गरजच उरू नये, हा त्यांच्या घाईमागचा एक हेतू होता. काँग्रेसने १२ दुरुस्त्या पाठवल्या, त्यांतल्या १० डिसेंबर १७९१ पर्यंत मान्य झाल्या. हीच नागरिकांच्या हक्कांची सनद. तिच्यातली दहावी दुरुस्ती सांगते की, केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे आहेत. जुन्या करारात केंद्राला 'स्पष्टपणे' दिलेले अधिकार असा शब्द होता. तो दहाव्या दुरुस्तीत घालण्याची सूचना आली, पण मॅडिसन यांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. गर्भित अधिकारांची वाट त्यामुळे मोकळी राहिली. परिषदेची मागणी वाढू लागली की काँग्रेसने स्वतः थोडे देऊन ती शमवायची, हा पायंडाही इथेच पडला.

दोन विजय

केंद्राच्या अधिकाराला घटनादुरुस्तीने खरोखर कात्री लागल्याची, आणि तीही राज्यांच्या बाजूने, उदाहरणे अगदी थोडी आहेत. सर्वांत निखळ उदाहरण अकराव्या दुरुस्तीचे. युद्धकाळात जॉर्जिया राज्याला माल पुरवलेल्या साऊथ कॅरोलिनातील एका व्यापाऱ्याचे पैसे थकले होते. त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने सर्वोच्च न्यायालयात जॉर्जियावर दावा लावला. जॉर्जियाने आपण सार्वभौम आहोत म्हणून हजर राहायलाच नकार दिला. फेब्रुवारी १७९३ मध्ये 'चिझम विरुद्ध जॉर्जिया' या निकालात न्यायालयाने असा दावा चालू शकतो असे सांगितले. राज्ये हादरली, कारण बहुतेकांच्या डोक्यावर युद्धाची देणी होती. जॉर्जियाच्या प्रतिनिधिगृहाने तर या निकालाची अंमलबजावणी करू पाहणाऱ्याला फाशी देण्याचे विधेयक संमत केले. काँग्रेसने मार्च १७९४ मध्ये दुरुस्ती पाठवली आणि ७ फेब्रुवारी १७९५ रोजी ती पुरेशा राज्यांनी मान्य केली. परराज्यातल्या नागरिकाने राज्यावर केलेले दावे केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. निकालापासून मान्यतेपर्यंत दोन वर्षे लागली. राज्यांना एकाच वेळी, एकाच जागी आणि थेट खिशाला झळ बसली होती. असे पुन्हा सहसा घडले नाही.

दुसरे उदाहरण एकविसाव्या दुरुस्तीचे. १९१९ साली मान्य झालेल्या अठराव्या दुरुस्तीने पुढच्या वर्षी देशभर दारूबंदी आली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी केंद्राचे अधिकारी गावोगाव पोचले. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर फेब्रुवारी १९३३ मध्ये काँग्रेसने ती रद्द करण्याची सूचना पाठवली. दारूबंदीवाद्यांचा विधिमंडळांवर दबाव होता, म्हणून मान्यतेसाठी राज्यांत निवडून दिलेल्या परिषदांचा मार्ग पत्करला. तो मार्ग आजवर फक्त या एकदाच वापरला गेला आहे. ५ डिसेंबर १९३३ रोजी युटा हे छत्तिसावे राज्य ठरले आणि दारूबंदी उठली. दुरुस्तीच्या दुसऱ्या परिच्छेदाने दारूच्या नियमनाचा विषय राज्यांच्या हवाली केला. केंद्राला दिलेला अधिकार घटनेच्या मजकुरातून काढून परत राज्यांकडे दिल्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

त्याची पुढची कथा अधिक बोलकी आहे. १९८४ साली काँग्रेसला दारू पिण्याचे किमान वय देशभर २१ करायचे होते. विषय राज्यांचा. तेव्हा तिने कायदा केला की, जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीतला ठरावीक हिस्सा कापला जाईल. साऊथ डकोटाने दावा लावला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसच्या बाजूने कौल दिला. अनुदानाला अट घालणे म्हणजे सक्ती नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. एकामागून एक सर्व राज्यांनी वय वाढवले. घटनादुरुस्तीने जे राज्यांना मिळाले होते, ते रस्त्यांच्या पैशाने त्यांच्याकडूनच परत घेतले गेले. विसाव्या शतकात केंद्राचे बळ मुख्यतः असेच वाढले. घटनेचा मजकूर फारसा न बदलता, पैशाच्या जोरावर आणि न्यायालयीन अर्थ लावण्यातून. १९४२ च्या एका निकालात ओहायोतल्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर वापरायला पिकवलेला जादा गहूसुद्धा 'आंतरराज्य व्यापारा'च्या कक्षेत आला. अशा वाढीला दुरुस्तीने आवर घालायचा, तर नेमके कोणते वाक्य बदलायचे, हाच प्रश्न पडतो.

फसलेले आणि उलटलेले प्रयत्न

एकोणिसाव्या शतकातल्या प्रयत्नांची यादी लांब आहे, पण निष्पत्ती थोडी. १८१२ च्या युद्धाला कंटाळलेल्या न्यू इंग्लंडच्या राज्यांनी डिसेंबर १८१४ मध्ये हार्टफर्डला बैठक भरवली. युद्ध पुकारायला आणि नवे राज्य संघात घ्यायला काँग्रेसमध्ये दोन तृतीयांश मते लागावीत, व्यापारबंदी साठ दिवसांपलीकडे चालू नये, राष्ट्राध्यक्षाला एकच मुदत मिळावी, अशा दुरुस्त्या २६ प्रतिनिधींनी सुचवल्या. मागण्या घेऊन दूत वॉशिंग्टनला पोचले, त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची आणि तहाची बातमी आली. दूतांचे हसे झाले आणि फेडरलिस्ट पक्षही त्यानंतर सावरला नाही. केंद्राविरुद्ध राज्यांची ढाल पुढे करणे ही केवळ दक्षिणेची रीत, असा जो समज आहे तो या प्रसंगाने खोटा ठरतो. ज्याच्या हाती वॉशिंग्टन नसते, त्याला राज्यांचे हक्क आठवतात.

१८३२ साली आयात शुल्काच्या वादात साऊथ कॅरोलिनाने केंद्राचा कायदा आपल्यापुरता रद्दबातल ठरवला आणि त्याच हिवाळ्यात परिषदेचीही मागणी केली. १८६१ च्या फेब्रुवारीत, दक्षिणेतली राज्ये फुटून निघत असताना, व्हर्जिनियाच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनमध्ये २१ राज्यांची शांतता परिषद भरली. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर तिचे अध्यक्ष होते. तिने सुचवलेली दुरुस्ती काँग्रेसने उचलून धरली नाही. मार्चमध्ये लिंकन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्याच भाषणात परिषदेचा मार्ग आपल्याला अधिक पसंत असल्याचे सांगितले, पण एप्रिलमध्ये तोफा सुरू झाल्या. फुटलेल्या राज्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या घटनेत कोणत्याही तीन राज्यांच्या मागणीवरून परिषद बोलवण्याची सोय होती. युद्धानंतरच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क यांना संरक्षण दिले आणि त्याच्या अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला दिला. राज्यांचे हक्क या शब्दांमागे चार दशलक्ष माणसांची गुलामी उभी होती. पुढच्या काळात या मागणीकडे जो संशयाने पाहिले गेले, त्याचे कारण इथे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अर्जांचे हत्यार सर्वांत चांगले चालले, पण उलट दिशेने. मूळ घटनेत सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांनी निवडायचे होते. केंद्रात राज्यांना प्रत्यक्ष आवाज मिळावा, हाच त्यामागचा विचार. प्रत्यक्षात विधिमंडळांत महिनोन् महिने कोंडी होई आणि लाचखोरीच्या बातम्या येत. डेलावेअरला १९०१ ते १९०३ या काळात सिनेटमध्ये एकही सदस्य पाठवता आला नाही. थेट निवडणुकीची दुरुस्ती प्रतिनिधिगृहाने अनेकदा मंजूर केली, सिनेटने दरवेळी अडवली. तेव्हा राज्ये परिषदेच्या अर्जांकडे वळली. आकडा दोन तृतीयांशाजवळ जाऊ लागताच सिनेट नमली आणि १९१३ साली सतरावी दुरुस्ती झाली. म्हणजे राज्यांनी आपल्याला केंद्रात मिळालेला एकमेव घटनात्मक प्रवेश स्वतःच मागून सोडून दिला. ही दुरुस्ती रद्द करा, अशी मागणी आज राज्यांच्या हक्कांचे काही कैवारी करतात. त्याच वर्षी सोळाव्या दुरुस्तीने केंद्राला प्राप्तिकर बसवण्याचा निर्विवाद अधिकार मिळाला. पुढे अनुदानांची सगळी गंगा त्या करातूनच वाहिली. १९३९ मध्ये वायोमिंगपासून या कराला २५ टक्क्यांची घटनात्मक मर्यादा घालण्याची मोहीम सुरू झाली. ती दोन दशके रेंगाळली आणि विरली.

एका राज्याने आणि एका मताने

१९६० च्या दशकात रोष सर्वोच्च न्यायालयावर वळला. राज्य सरकारांच्या संघटनेने १९६२ साली तीन दुरुस्त्या पुढे केल्या. पहिलीने एकसारखा मजकूर दोन तृतीयांश विधिमंडळांनी मंजूर केला की तो परिषदेविना थेट मान्यतेला जाणार होता. दुसरीने मतदारसंघांचा विषय केंद्रीय न्यायालयांकडून काढून घेतला जाणार होता. तिसरी सर्वांत धाडसी होती. पन्नास राज्यांच्या सरन्यायाधीशांचे 'संघ न्यायालय' स्थापायचे आणि केंद्र-राज्य वादातले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याने तपासायचे. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी जाहीर टीका केल्यावर वकीलवर्ग जागा झाला आणि या सूचना मागे पडल्या.

दोन वर्षांनी 'रेनल्ड्स विरुद्ध सिम्स' हा निकाल आला. राज्यांच्या विधिमंडळांच्या दोन्ही सभागृहांतले मतदारसंघ लोकसंख्येने समान हवेत, असे न्यायालयाने ठरवले. अनेक राज्यांत ओसाड तालुक्याला आणि गजबजलेल्या शहराला जवळपास सारखाच आवाज होता. ज्यांची खुर्ची या निकालाने जाणार होती, तेच आमदार परिषदेच्या अर्जांवर मते देत होते. निकाल फिरवणाऱ्या दुरुस्तीसाठी परिषद बोलवण्याची ही मोहीम इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्कसन यांनी चालवली. १९६७ साली वृत्तपत्रांनी लक्ष वेधले तेव्हा ३२ अर्ज झालेले होते आणि देश दचकला. १९६९ मध्ये आयोवा हे तेहतिसावे राज्य ठरले. एक राज्य कमी पडले. त्याच वर्षी डर्कसन वारले. तोवर नव्या मतदारसंघांतून निवडून आलेल्या विधिमंडळांना जुनी व्यवस्था परत आणण्यात रस उरला नव्हता.

या धक्क्याने परिषदेचे नियम ठरवण्याचा एकमेव गंभीर प्रयत्न झाला. नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेटर सॅम अर्विन यांचे विधेयक सिनेटने १९७१ मध्ये ८४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने त्याला हात लावला नाही. १९७३ मध्ये पुन्हा तेच झाले. नियम केले तर परिषद सोपी होईल, ही भीती काँग्रेसच्या अनास्थेमागे असावी असे मानायला जागा आहे.

सर्वांत दीर्घ मोहीम संतुलित अंदाजपत्रकाची. व्हर्मॉन्ट वगळता सर्व राज्यांवर आपापले अंदाजपत्रक समतोल ठेवण्याचे कायदेशीर बंधन आहे, मग केंद्रावर का नको, असा तिचा साधा सवाल. सवाल पटणारा आहे, पण अर्धाच. राज्ये बांधकामांसाठी कर्ज काढतात ते या बंधनात धरले जात नाही आणि त्यांच्या महसुलाचा साधारण एक तृतीयांश भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. केंद्राची तूट बंद करणे म्हणजे राज्यांचा समतोल जिच्यावर उभा आहे ती रक्कम आटवणे.

१९७५ नंतर अर्ज वेगाने आले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीही पाठिंबा दिला. काँग्रेसने पुन्हा १७८९ चीच वाट धरली. ऑगस्ट १९८२ मध्ये सिनेटने दुरुस्ती ६९ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केली, ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधिगृहात ती दोन तृतीयांशापर्यंत पोचली नाही. १९८३ मध्ये मिसूरी हे बत्तिसावे राज्य झाले, आणि गाडी तिथेच थांबली. १९८५ मध्ये काँग्रेसने तूट टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा साधा कायदा करून दबाव आणखी हलका केला. १९८८ मध्ये अलाबामा आणि फ्लोरिडाने अर्ज मागे घेतले, मागाहून इतरांनीही. १९९५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३०० विरुद्ध १३२ मतांनी दुरुस्ती मंजूर केली, सिनेटमध्ये ती थोडक्यात पडली. १९९७ मध्ये ती ६६ विरुद्ध ३४ अशी एका मताने पडली. १९८१ साली राष्ट्रीय कर्जाने एक लाख कोटी डॉलरचा आकडा ओलांडला होता. २०२४ च्या अखेरीस ते छत्तीस लाख कोटींपलीकडे गेले.

काँग्रेस सदस्यांच्या मुदतींबाबत राज्यांनी आधी स्वतःच कायदे केले. १९९५ पर्यंत २३ राज्यांनी अशी मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी हे कायदे घटनाबाह्य ठरवले. या विषयावर घटनादुरुस्तीखेरीज राज्यांपुढे वाट उरली नाही.

नवी लाट

२००९ नंतर टी पार्टी चळवळीने हा विषय पुन्हा वर काढला. जॉर्जटाऊन विद्यापीठाचे प्राध्यापक रँडी बार्नेट यांनी दोन तृतीयांश राज्यांना केंद्राचा कोणताही कायदा रद्द करता यावा अशी दुरुस्ती सुचवली, आणि २०१० मध्ये ती काँग्रेसमध्ये मांडली गेली. २०१३ मध्ये मार्क मेक्लर आणि मायकेल फॅरिस यांनी 'कन्व्हेन्शन ऑफ स्टेट्स' ही मोहीम सुरू केली. सर्व राज्यांनी एकाच मजकुराचा अर्ज करायचा आणि त्यात तीनच विषय ठेवायचे: केंद्राच्या खर्चाला लगाम, अधिकारांना मर्यादा आणि पदांच्या मुदती. मजकूर एकच असल्याने अर्ज एकत्र मोजायचे की नाही हा वाद उरत नाही. मार्च २०१४ मध्ये जॉर्जिया पहिले राज्य झाले. २०२२ च्या अखेरीस संख्या १९ वर गेली होती.

टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जानेवारी २०१६ मध्ये मांडलेल्या नऊ दुरुस्त्या या लाटेचा सर्वांत तपशीलवार मसुदा आहेत. एकाच राज्याच्या हद्दीत घडणाऱ्या व्यवहाराचे नियमन काँग्रेसने करू नये. प्रशासकीय संस्थांनी कायदे बनवू नयेत. लोकनियुक्त विधिमंडळाचा कायदा रद्द करायला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकी सात न्यायाधीशांचे एकमत लागावे. न्यायालयाचा निकाल किंवा केंद्राचा कायदा दोन तृतीयांश राज्यांना फिरवता यावा. केंद्राला स्पष्टपणे दिलेलेच अधिकार असावेत, हेही त्यांत आहे. म्हणजे १७८९ मध्ये मॅडिसन यांनी अडवलेला शब्द ॲबट यांना परत हवा आहे. यांतल्या काही कल्पना विचारार्ह आहेत. राज्यांना निकाल फिरवू देण्याची कल्पना मात्र धोक्याची आहे. २०२० च्या जनगणनेनुसार सर्वांत लहान ३४ राज्यांत मिळून देशाची एक तृतीयांशाहूनही कमी लोकसंख्या राहते.

विरोधकांची फळी विचित्र आहे. उजव्या टोकाची जॉन बर्च सोसायटी आणि उदारमतवादी कॉमन कॉज या दोन्ही संघटना परिषदेच्या विरोधात एकाच रांगेत उभ्या आहेत. भीती बेलगाम परिषदेची. सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झालेले वॉरन बर्गर यांनी १९८८ मध्ये एका पत्रात लिहिले की, एकदा भरलेल्या परिषदेला विषयाच्या मर्यादेत ठेवण्याचा परिणामकारक उपाय नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले अँटोनिन स्कॅलिया १९७९ मध्ये परिषदेच्या बाजूने बोलले होते, न्यायाधीशपदावर तीन दशके काढल्यावर ते विरोधात गेले. समर्थकांचे उत्तर असे, की परिषद काहीही सुचवो, ३८ राज्यांच्या संमतीशिवाय ते घटनेत जात नाही. सर्वांत लहान १३ राज्यांत देशाची पाच टक्क्यांहून कमी लोकसंख्या आहे आणि ती एकत्र आली तरी कोणतीही दुरुस्ती अडते. हे उत्तर वजनदार आहे. १७८७ मध्ये मान्यतेचा नियमच बदलला गेला, एवढीच त्याला खोट.

डेलावेअरने २०१६ मध्ये, मेरीलँड, न्यू मेक्सिको आणि नेवाडाने २०१७ मध्ये आपले जुने अर्ज रद्द केले. दुसरीकडे व्हर्मॉन्ट आणि कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये निवडणुकीतल्या पैशाला आवर घालण्यासाठी अर्ज केले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने बंदुकांच्या नियमनासाठी परिषद मागितली. मार्ग कोणा एका पक्षाचा नाही, हे त्यातून दिसते.

मराठी वाचकाला एक फरक लगेच जाणवेल. भारताच्या घटनेतील कलम ३६८ प्रमाणे दुरुस्तीची सुरुवात फक्त संसदेत होते. काही ठरावीक विषयांवर निम्म्या राज्यांची संमती लागते, पण सूचना मांडण्याचा हक्क राज्यांना नाही. वस्तू आणि सेवा कराची दुरुस्ती ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळापुढे आली ती संमतीसाठी.

न ठरलेले नियम

जुना अर्ज किती वर्षे जिवंत राहतो, हे ठरलेले नाही. १७८९ मध्ये पाठवलेल्या बारा दुरुस्त्यांपैकी मागे राहिलेली एक, काँग्रेस सदस्यांच्या वेतनाबद्दलची, टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने १९८२ मध्ये उकरून काढली आणि १९९२ मध्ये ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. दुरुस्ती दोनशे वर्षे टिकते तर अर्ज का टिकू नये, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. दिलेला अर्ज मागे घेता येतो का, वेगवेगळ्या विषयांचे अर्ज एकत्र मोजता येतात का, परिषदेत प्रत्येक राज्याला एक मत की लोकसंख्येप्रमाणे, प्रतिनिधी कोणी निवडायचे, यांपैकी कशालाच लेखी उत्तर नाही. दुरुस्तीच्या प्रक्रियेतले काही प्रश्न राजकीय आहेत आणि ते काँग्रेसने सोडवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९३९ मध्ये सांगून ठेवले आहे. ज्या संस्थेला आवर घालायचा, तिनेच मोजणी करायची आणि नियम लावायचे, असा हा पेच आहे. मेसन यांच्या हरकतीला १७८७ मध्ये दिलेले उत्तर म्हणूनच अपुरे आहे.

२०१५ पासून प्रतिनिधिगृहाच्या नियमाने आलेले अर्ज जाहीर करण्याची सोय झाली आहे. पण ते अधिकृतपणे मोजण्याची आणि ३४ पूर्ण झाल्यावर काँग्रेसने नेमके काय करायचे हे सांगण्याची तरतूद करणारा कायदा अर्विन यांच्या विधेयकानंतर पन्नास वर्षे उलटली तरी झालेला नाही.